टेबलावरच्या युद्धखेळासाठी गाड्या आणि रणगाडे: कोणतं स्केल घ्यावं?

म्हार्दोळकर

खेळातले छोटे सैनिक २८ मिलिमीटरचे आहेत, रंगवून तयार आहेत. आता त्यांच्याबरोबर उभ्या करायच्या गाड्या आणि रणगाडे कुठल्या स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या कितव्या हिश्शाचे, घ्यायचे? आमच्या फोंड्याच्या मंडळात यावरून तीन तट पडले आहेत. एक म्हणतो १/४८, कारण तामिया कंपनीच्या जोडायच्या किटची सर कशाला नाही. दुसरा म्हणतो १/५६, कारण युद्धखेळवाल्या कंपन्या तेच विकतात. तिसऱ्याच्या कपाटात १/७२ ची किट्स वर्षानुवर्षं पडून आहेत आणि त्याला तीच टेबलावर आणायची आहेत.

माझं मत आधी मांडतो. स्केल कुठलंही घ्या, पण एका टेबलावर एकच हवं. जीप १/४८, रणगाडा १/५६ आणि ट्रक १/७२ असा बाजार भरला की डोळ्यांना लगेच खुपतं, मग रंगकाम कितीही सुरेख असो.

दुसरं मत असं, की पहिली गाडी अशी घ्यावी जी अनेक लढायांत चालेल. माझी पसंती स्टुअर्ट या हलक्या रणगाड्याला. आपल्या ७ लाइट कॅव्हलरीने १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत स्टुअर्ट चालवले आणि १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला खिंडीत याच रेजिमेंटचे स्टुअर्ट शत्रूच्या बंकरांसमोर जाऊन उभे राहिले. साडेतीन हजार मीटर उंचीवर रणगाडे येतील हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. एका छोट्या रणगाड्यात दोन मोठे खेळ बसतात.

साहित्याबद्दलही सांगा. प्लास्टिक, रेझिन, थ्रीडी प्रिंट की तयार डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूच्या गाड्या? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकतं काय?

काजूबोंड

वाखुसा (वाचनखूण साठवली). जाणकार येऊ देत, मी पुढच्या रांगेत बसलोय.

मिनी_मेजर

म्हार्दोळकरबाब, स्केलचा घोळ मुळातून समजून घेतला तर भांडण निम्मं मिटतं.

२८ मिलिमीटर हे स्केल नाही, ते माप आहे, आणि तेही बहुतेक शिल्पकार पायापासून डोळ्यांपर्यंत धरतात. माणसाच्या डोळ्यांची उंची साधारण १.६ मीटर. तिला २८ मिलिमीटरने भागलं की ५७ च्या आसपास येतं. म्हणून १/५६. हाच हिशेब १५ मिलिमीटरला लावला की १०७ येतं, म्हणून त्या सैनिकांबरोबर १/१०० चे रणगाडे चालतात. २० मिलिमीटरला ८० येतं, तिथे १/७२ आणि १/७६ दोन्ही वापरतात.

मग १/४८ वाले चूक का? तेही नाहीत. आपले सैनिक दोनतीन मिलिमीटर जाडीच्या चकतीवर उभे असतात. शिवाय डोकं, हात, बंदूक मुद्दाम जाड घडवलेली असतात, कारण हातभर लांबून ती ओळखू यायला हवीत. चकतीवरचा असा दणकट शिपाई १/५६ च्या जीपशेजारी उभा केला की तो जीपमध्ये मावेल का अशी शंका येते. १/४८ ची जीप त्याला शोभते.

म्हणून माझा नियम: उघड्या गाड्या, ज्यांत माणूस बसलेला दिसतो, त्या थोड्या मोठ्या चालतात. बंद रणगाडा १/५६ च बरा.

शिरोडेकर

मेजर, अर्धा मुद्दा मान्य, उरलेल्या अर्ध्यावर भांडतो.

१/४८ चा रणगाडा एकदा हातात घेऊन बघा. चाकांमधली फट, झाकणाच्या कडा, अवजारांचे पट्टे सगळं कसं रेखीव. कोरडा ब्रश फिरवला की रंग आपोआप जागच्या जागी बसतो. खेळासाठी बनवलेल्या काही गाड्यांत पट्ट्यांची साखळी चाकांसकट एका तुकड्यात ओतलेली असते. जोडायला सोपं, हे खरं. पण मला रंगवण्यात गोडी आहे आणि महिन्यातून एकदा होणाऱ्या खेळासाठी मी रोजच्या संध्याकाळचा आनंद का सोडू?

तामियाच्या १/४८ मालिकेत शर्मन आहे, टायगर आहे, जीप आहे. दुसरं महायुद्ध खेळणाऱ्याला आणखी काय हवं?

मिनी_मेजर

टेबल हवं!

शर्मनचे आकडे घ्या. खरा रणगाडा ५.८४ मीटर लांब, २.६२ मीटर रुंद. १/५६ मध्ये तो १०४ मिलिमीटर लांब आणि ४७ रुंद होतो. १/४८ मध्ये १२२ आणि ५५. फरक लहान वाटतो. पण लांबी सहाव्या हिश्शाने वाढली की घनफळ दीडपटीच्या वर जातं, आणि डोळ्यांना दिसतं ते घनफळ. सहा बाय चार फुटांच्या टेबलावर १० सेंटिमीटर रुंद रस्ता काढला तर १/५६ चे दोन शर्मन एकमेकांना घासून का होईना पार होतात. १/४८ चे दोन अडकतात. पूल, गल्ली, वाड्याचं फाटक, सगळीकडे हीच रड.

आणि टेबलावरची जमीन तशीही खोटी असते. बोल्ट ॲक्शन या युद्धखेळाच्या नियमांत रायफलचा पल्ला २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर. १/५६ ने गुणलं तर खऱ्या जगातले ३४ मीटर! रायफल त्याच्या दसपट लांब मारते. जमीन इतकी आक्रसलेली असताना वर ठेवलेली गाडी जितकी लहान तितका डाव मोकळा होतो. रणगाड्याला वळायला, बगल द्यायला, मागून वार करायला जागा मिळते. तो डाव बघायलाच आपण जमतो ना?

शिरोडेकर

पुलाचा मुद्दा पटला. रंगाचा मुद्दा सोडत नाही. :)

दर्यावर्दी

१/७२ ला कोणी वालीच नाही का? मग मी उभा राहतो.

आम्ही वास्कोवाले. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात जाऊन सी हॉक, आलीझे, सी हॅरियर बघत मोठे झालो. विमानं १/७२ मध्ये जितकी मिळतात तितकी दुसऱ्या कुठल्याच स्केलमध्ये नाहीत. ज्याला टेबलावर विमानाचा हल्ला दाखवायचा आहे, त्याचा प्रश्न १/७२ मध्ये आपोआप सुटतो. १९७१ च्या लोंगेवालात हंटर विमानांनीच सकाळ उजाडल्यावर रणगाडे टिपले. १/५६ मध्ये हंटर शोधून दाखवा!

दुसरं, किंमत. तेवढ्याच पैशांत जास्त गाड्या येतात आणि त्या बुटांच्या खोक्यात मावतात. तिसरं, प्लास्टिकचे मऊ सैनिक खोक्यांनी मिळतात. त्यांना रंग लावण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवा, साच्याचं तेल जाऊ द्या, नाहीतर रंग सोलून निघतो.

एक सावधगिरी: एअरफिक्स कंपनीची जुनी लष्करी किट्स १/७६ ची आहेत. १/७२ च्या शेजारी जीप ठेवली तर कळत नाही, पण एकाच जातीचे दोन रणगाडे शेजारी ठेवले तर कळतं. वेगवेगळ्या पलटणींना वाटून टाका.

नीलिमा_डिचोली

माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला हे वेड लागलंय आणि हा धागा त्यानेच मला पाठवला. किटचे भाव बघून मी आधी थबकले. त्याच्याकडे लहानपणापासूनच्या हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्सच्या गाड्यांची पेटी आहे. त्यांवर खेळ सुरू करता येणार नाही का? की तुम्ही मोठे लोक त्याला हसाल?

मिनी_मेजर

नीलिमाताई, हसणारा माणूस आमच्या टेबलाशी बसूच शकत नाही. पेटी आणू द्या त्याला.

वास्कोचा_वारा

ताई, चालेल, आणि उत्तम चालेल. फक्त एक गोष्ट त्याला समजावून सांगा. या गाड्यांचं स्केल साधारण १/६४ म्हणतात, पण ते सगळ्यांना लागू नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाच्या पाकिटात बसवायच्या असतात, त्यामुळे ट्रक आणि मोटार जवळजवळ एकाच लांबीचे निघतात. म्हणजे मोटार १/६४ ची आणि ट्रक १/१०० च्या आसपासचा. मोटारी मोटारींबरोबर वापराव्यात, ट्रक वेगळा काढावा.

गाड्यांवर बंदुका बसवून एकमेकींचा पाठलाग करायचा, असे खेळ याच गाड्यांवर खेळले जातात. त्यात माणसाची मूर्ती लागतच नाही, त्यामुळे स्केलचा प्रश्नच उद्भवत नाही. पत्र्याचे तुकडे, जाळी, पिनांची टोकं चिकटवून गाडी सजवायची. सुरुवातीला यापेक्षा चांगली शाळा नाही. आधी जुना रंग काढा किंवा निदान बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात.

दुकानात उभं राहून स्केल ओळखायची युक्तीही सांगतो. खिशात स्टीलची छोटी पट्टी ठेवा. खऱ्या गाडीची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, खेळण्याच्या लांबीने भागा, स्केल हातात. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप ३.३३ मीटर लांब होती. आपली मारुती ८०० सुद्धा जवळपास तेवढीच. जीप ७७ मिलिमीटर भरली तर १/४३, ६९ भरली तर १/४८, ५९ भरली तर १/५६, ४६ भरली तर १/७२. हे चार आकडे पाठ असले की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खेळण्यांच्या ढिगासमोरही माणूस गोंधळत नाही.

सत्तरीकर

कितें सांगता मरे! मारुती आणि जीप एका लांबीची? मग आमच्या गावात मारुतीत नऊजण बसून जत्रेला जायचे ते लष्करी परंपरेनुसारच म्हणायचं.

काजूबोंड

सत्तरीकरबाब :D :D

सत्तरीकर

थट्टा बाजूला. मला खनिजाच्या टिप्परांचा खेळ बनवायचा आहे. लढाई नाही, पण धूळ, अरुंद रस्ता, समोरासमोर आलेल्या गाड्या आणि बार्ज सुटायच्या आत धक्क्यावर पोचायची घाई. दोघांनी खेळायचं. १/६४ चे टिप्पर मिळतात. बोला, कोण येतो?

नीलिमा_डिचोली

डिचोलीवाल्यांनी ते टिप्पर पुरेसे बघितले आहेत हो! पण मुलगा म्हणतो, मी येतो.

कॅसलरॉक

मी मूळचा आगगाडीवाला, युद्धखेळात पाहुणा. एक गोष्ट सांगतो जी इथल्या १५ मिलिमीटरवाल्यांना सोन्यासारखी वाटेल.

सर्वात सहज मिळणारा मॉडेल रेल्वेचा रूळ एचओ या मापाचा, त्याची रुंदी १६.५ मिलिमीटर. परदेशी १४३५ मिलिमीटरच्या रुळासाठी ते १/८७ होतं. पण आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला १०० ने भागा: १६.७६. म्हणजे एचओचा रूळ १/१०० च्या टेबलावर भारतीय ब्रॉडगेज म्हणून जवळजवळ अचूक बसतो!

पुढे ऐका. मीटरगेजला १०० ने भागलं तर १० मिलिमीटर येतात, आणि एन गेज या आणखी लहान मॉडेल रेल्वेचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. मुरगावहून दूधसागरावरून कॅसलरॉकला चढणारी आपली जुनी लाइन मीटरगेजच होती. कोणाला १९६१ चा, म्हणजे मुक्तीच्या वेळचा गोवा टेबलावर मांडायचा असेल तर १/१०० घ्या आणि एन गेजचा रूळ टाका. सावर्डे, कुळे, घाट, बोगदा सगळं एका टेबलावर येईल. २८ मिलिमीटरमध्ये घाट मांडायला हॉल भाड्याने घ्यावा लागेल.

म्हार्दोळकर

कॅसलरॉकबाब, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. देव बरें करूं. १९६१ चा विषय निघालाच आहे तर त्यावरही बोलूया. आमच्या मंडळात तो खेळ करायचं पुष्कळ दिवस मनात आहे. कुठल्या गाड्या लागतील?

सांतेर

१९६१ साठी रणगाड्यांवर पैसे घालायच्या आधी ती मोहीम कशी झाली ते बघा. तो वेगाचा आणि नद्यांचा खेळ होता. १८ डिसेंबरला सकाळी पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा, शापोरा इथले पूल उडवले, बाणस्तारीचाही उडवला. पॅराशूट ब्रिगेडच्या तुकड्या तीन वाटांनी आत आल्या. पूर्वेकडून २ पॅरा, म्हणजे मराठा, उसगावमार्गे फोंड्याकडे. मधून १ पॅरा, पंजाब, बाणस्तारीच्या वाटेने. पश्चिमेकडून २ शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह थिवीमार्गे. ही तुकडी त्याच संध्याकाळी बेतीला पोचली. समोर मांडवी, पलीकडे पणजी. दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडली.

म्हणजे तुम्हाला काय लागेल? ट्रक, जीपा, होड्या, मचवे. पूल पडलेला असताना कुठली गाडी अलीकडे थांबते आणि कोण पायी पुढे जातं, हा त्या खेळाचा गाभा. प्रत्येक नदीवर खेळाडूने ठरवायचं: उतार शोधायचा, होडी मिळवायची की मागच्यांची वाट बघायची. रणगाडे दोनतीन पुरेत. ट्रक मात्र भरपूर हवेत, आणि ट्रकच बाजारात कमी मिळतात, कारण सगळ्यांना तोफा असलेली वाहनं विकत घ्यायची असतात.

एक विनंती. आग्वादच्या किल्ल्यात डांबलेल्या राजकीय कैद्यांना सोडवायला ७ लाइट कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू गेले आणि तिथेच त्यांना मरण आलं. माझ्या घरच्या वडीलमंडळींनी ते दिवस पाहिलेत. खेळ मांडा, जरूर मांडा, पण तो प्रसंग फाशांवर लावू नका.

मिनी_मेजर

सांतेरबाब, शंभर टक्के सहमत. आम्ही जवळच्या काळातल्या लढायांमध्ये खऱ्या व्यक्तीची मूर्ती टेबलावर ठेवत नाही. तुकड्या, रस्ते, पूल, वेळ एवढंच. १९६५ च्या युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईलाही तेच. ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीदांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले. ती जीप टेबलावर असते, उसात लपलेलीही असते, पण तिच्यावर नाव नसतं. खेळ सुरू करण्याआधी काय घडलं ते एकजण सगळ्यांना सांगतो. नवी मुलं तेव्हा सर्वात लक्ष देऊन ऐकतात.

आणि तुमचा ट्रकांचा मुद्दा तर सुवर्णाक्षरांत लिहावा. पायदळाला चाकं देणारं वाहन पहिल्या तीन खरेद्यांत हवंच.

पेडण्याचा_पाव

ट्रक मिळत नाहीत ना? छापा! मी वर्षभर प्रिंटर चालवतोय, अनुभव सांगतो.

वितळलेल्या तारेचा प्रिंटर असेल तर ट्रक, होड्या, पूल, घरं झकास निघतात. थरांच्या रेषा सपाट उतरणीवर जास्त दिसतात, म्हणून रणगाडा थोडा तिरका ठेवून छापावा. तार पीएलए या प्लास्टिकची असेल तर उन्हाची काळजी घ्या. साधारण ६० अंशांना ती मऊ पडते. मे महिन्यात मिरामारला बंद गाडीत ठेवलेल्या ट्रकाची चौकट वाकणारच.

रेझिनचा प्रिंटर बारकावे अप्रतिम देतो, पण त्याला शिस्त हवी. हातमोजे, उघडी खिडकी, धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि न वाळलेलं रेझिन मोरीत ओतायचं नाही म्हणजे नाही. रणगाडा पोकळ छापत असाल तर खाली दोन भोकं ठेवा. आत कच्चं रेझिन अडकलं तर काही महिन्यांनी भिंतीला तडा जातो आणि रंगवलेल्या गाडीतून चिकट पाझर सुरू होतो. तोफेची नळी रेझिनमध्ये ठिसूळ होते. ती कापून पितळी नळी बसवा, पुढची दहा वर्षं चिंता नाही.

फाइलचं स्केल बदलणं सोपं आहे. १/५६ ची फाइल १/१०० ला न्यायची तर ५६ टक्के करा, १/७२ ला न्यायची तर सुमारे ७८ टक्के. पण लहान करताना आरसे, कठडे, ट्रकाच्या बाजूच्या फळ्या इतक्या पातळ होतात की छापल्याच जात नाहीत. त्या फाइलमध्ये आधी जाड कराव्या लागतात. मोठं करताना उलट, जोड उघडे दिसायला लागतात.

काजूबोंड

पेडण्याचा पाव खमंग आहे हो.

दर्यावर्दी

प्रिंटरला विरोध नाही, पण प्लास्टिक किट कापून, घासून, जोडून जी ओळख होते ती छापील गाडीशी होत नाही. स्टुअर्टचंच बघा. म्हार्दोळकरबाबांनी इंफाळ आणि झोजी लाला एकच स्टुअर्ट धरला आहे. झोजी लाला गेले ते एम५. त्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं होती, म्हणून मागची पाठ उंच उचललेली आणि पुढचं पोलाद तिरकं. सुरुवातीच्या एम३ चं विमानासारखं गोल इंजिन होतं, त्याची पुढची बाजू पायऱ्यापायऱ्यांची. किट जोडताना हे बोटांना कळतं.

म्हार्दोळकर

नोंद घेतली. झोजी ला आधी करायचा असल्याने एम५ च बघतो. खेळाच्या नियमांत दोघांचे आकडे फारसे वेगळे नसतात, त्यामुळे इंफाळला मंडळातल्या कोणी हरकत घेणार नाही असं धरतो.

दर्यावर्दी

मी घेईन. पण चहा पाजलात तर नाही घेणार.

वास्कोचा_वारा

१९७१ वाल्यांसाठी असाच एक फायद्याचा सौदा आहे. पाकिस्तानकडचा टाइप ५९ हा टी-५४ चाच चिनी अवतार आणि आपल्याकडे टी-५५. दोघांची तोफ १०० मिलिमीटरची, आकार जवळजवळ एक. एकाच किटचे दोन गठ्ठे घ्या, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. नजरेत भरणारी खूण म्हणजे टी-५४ च्या बुरुजावर, म्हणजे तोफेसकट फिरणाऱ्या वरच्या भागावर, हवा खेळती ठेवणारी छोटी घुमटी असते, टी-५५ वर नसते. मण्याचा अर्धा तुकडा चिकटवला की काम झालं.

पण हा रणगाडा तोफ सोडून साधारण साडेसहा मीटर लांब. १/५६ ला साडेअकरा सेंटिमीटर. असे दहा उभे केले की टेबल संपलं, वाळवंट कुठे दाखवणार? १/१०० ला साडेसहा सेंटिमीटर. तिथे लोंगेवाला श्वास घेतो. १९७१ च्याच गरीबपूरच्या लढाईतही पीटी-७६ आणि चॅफी असे हलके रणगाडे दोन्हीकडे, तोही १/१०० मध्ये सुरेख होतो. म्हणून माझं मत: पलटणीची लढाई १/५६, रेजिमेंटची लढाई १/१००. प्रश्न कुठलं स्केल चांगलं हा नाहीच, टेबलावर किती गाड्या धावायच्या आहेत हा आहे.

शिरोडेकर

आता पावसाळ्याचं. हा धागा इतका लांबला आणि त्यावर कोणी बोललंच नाही.

जून ते सप्टेंबर स्प्रेच्या डब्यातलं मॅट वार्निश मारू नका. हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि काळसर हिरवा रणगाडा पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका होतो. तसं झालंच तर घाबरून रंग खरवडू नका. वरून ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा पांढुरकेपणा जातो. मग कोरड्या दिवशी ब्रशनेच मॅट.

एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या, घरांच्या आणि पुलांच्या कडा आधी वार्निशने बंद करा. कडा पाणी पितात, फुगतात, मग थर सुटतात. रेझिन आणि पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, ओलाव्याचं काही वाटत नाही. मऊ व्हिनाइलचे पट्टे असतील तर ते पॉलिस्टायरीनच्या चाकांना थेट लागू देऊ नका. त्यातलं तेल काही वर्षांत चाक खातं, आणि गरम हवेत लवकर खातं. मध्ये रंगाचा पक्का थर हवा.

जुन्या डायकास्टच्या मोहात पडणाऱ्यांसाठी: जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, तडे जातात, तुकडे पडतात. दमट हवेत हे वेगाने होतं. घेताना खालची बाजू उजेडात धरून केसासारखे तडे बघा. नवीन डायकास्टमध्ये हा त्रास सहसा नसतो.

ठेवायला आपलं जुनं बल्बचं कपाट उत्तम. खालच्या फळीवर छोटा बल्ब, मॉडेल त्यापासून लांब, वर सिलिका जेल. पूर्वी घरोघरी कॅमेरे आणि कागदपत्रं अशीच जपायचे.

नीलिमा_डिचोली

बल्बचं कपाट आमच्याकडे अजून आहे, त्यात सध्या माझ्या रेशमी साड्या आहेत. मुलाची नजर पडली आहे. तह करावा लागेल.

कॅसलरॉक

डोंगर, घाट कशाचे करता? आमच्या वाड्यावर दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळला की बांबूच्या काड्या, तारा आणि न जळलेला कागद उरतो. चतुर्थीनंतर मखराचा थर्माकोल. मी सगळं गोळा करतो. कागदाचा लगदा आणि खळ लावायला नरकासुर करणाऱ्या पोरांइतकं कोणाला येत नाही, त्यांनाच दोन दिवस बोलवा.

सत्तरीकर

थर्माकोलवर स्प्रे मारू नका फक्त. विरघळून भोकं पडतात. आधी खळीत बुडवलेल्या कागदाचे दोन थर, मग रंग.

म्हार्दोळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंडळात हा धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते असं.

झोजी ला २८ मिलिमीटरमध्ये, रणगाडे १/५६, एम५ स्टुअर्ट. जीपा १/४८ च्या, शिरोडेकरांच्या हातच्या, कारण त्यात माणसं दिसतात. माझ्या "एका टेबलावर एकच स्केल" या नियमाला मेजरांनी दाखवलेली ही एक फट मी मान्य करतो. काल चकतीवरचा सैनिक दोन्ही जीपांशेजारी ठेवून बघितला आणि सगळ्यांनी एकमताने १/४८ कडे बोट दाखवलं.

१/७२ ची किट्स ज्याची आहेत त्याला १/७२ चं वेगळं टेबल, विमानांसकट. १९६१ मात्र १/१०० मध्ये, एन गेजच्या रुळासह. ट्रक आणि होड्या पेडण्याचा पाव छापणार, रेझिनचा खर्च आम्ही वाटून घेणार. सांतेरबाब, खेळाआधी काय घडलं ते तुम्ही येऊन सांगाल का?

सांतेर

येईन. फोंड्याच्या वाटेचा नकाशाही आणतो. उसगावचं वळण तुम्ही लोक नेहमी चुकीचं काढता.

मिनी_मेजर

म्हार्दोळकरबाब, झोजी लाचा टेबल करताना एक बघा. बाल्टालकडून वर जाणारी खेचरांची वाट मद्रास सॅपर्सनी, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या सैनिकांनी, रणगाड्यांसाठी रुंद केली होती. ती वाट हाच तुमचा खेळ. रस्ता स्टुअर्टपेक्षा जेमतेम बोटभर रुंद ठेवा. एम५ रुंदीला सव्वाचार सेंटिमीटरच्या आत बसतो, त्यामुळे सहासाडेसहा पुरे. पुढचा रणगाडा बंद पडला तर मागच्यांचं काय, हे खेळाडूंना ठरवू द्या.

पेडण्याचा_पाव

उतार किती ठेवणार? रेझिनचा रणगाडा वार्निशनंतर गुळगुळीत होतो आणि घसरत खाली येतो. बर्फाच्या रंगाखाली वाटेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवा, किंवा रस्त्याखाली पत्र्याची पट्टी टाका आणि स्टुअर्टच्या पोटात निओडिमियम चुंबक बसवा. बुरुजालाही एक चुंबक लावा म्हणजे तो फिरतो आणि प्रवासात काढून ठेवता येतो. पोटाला चुंबक हवा असेल तर छापायच्या आधी सांगा, फाइलमध्ये खाच करून देतो.

म्हार्दोळकर

पोटाला आणि बुरुजाला, दोन्हीकडे हवा. पाच मिलिमीटर व्यासाचे, दोन मिलिमीटर जाडीचे चुंबक आमच्याकडे आहेत, खाच त्या मापाने ठेवा. वाटेखाली पत्रा टाकतो.